इलिनॉय राज्याच्या कायदेमंडळांतील अब्राहम लिंकन : रोजनाम्याचा पुरावा

१. बखर आणि अस्सल कागद यांचा विरोध आला असतां कोणास मान द्यावयाचा, हा प्रश्न ह्या त्रैमासिकाच्या वाचकांस नवा नाहीं. तोच प्रश्न परदेशच्या एका प्रसिद्ध चरित्रांत कसा उपस्थित होतो व तेथील कागद त्यावर काय प्रकाश पाडतात, हें पाहणें बोधप्रद होईल असें वाटून हा लेख लिहिला आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे सोळावे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचें नांव गुलामगिरीच्या उच्छेदाशीं कायमचें जोडलें गेलें आहे. परंतु त्या पदावर येण्याच्या सुमारें पाव शतक आधीं, १८३४ पासून १८४२ पर्यंत, ते इलिनॉय राज्याच्या प्रतिनिधिसभेचे सभासद होते व लागोपाठ चार वेळां निवडून आले होते. ह्या आठ वर्षांविषयीं दोन प्रकारची सामग्री उपलब्ध आहे. एक, त्या त्या दिवशीं लिहिलेले सभेचे रोजनामे, लिंकन यांच्या हातचे विधेयकांचे मसुदे, मतदानाच्या वह्या व समकालीन वर्तमानपत्रें. दुसरी, १८६५ त लिंकन यांचा खून झाल्यावर त्यांच्या जुन्या सोबत्यांनीं सांगितलेल्या आठवणी. त्यांचा मोठा संग्रह लिंकन यांचे वकिलींतील भागीदार विल्यम हर्नडन यांनीं पत्रें पाठवून व भेटी घेऊन केला. दुसरी सामग्री रसाळ आहे, पहिली रुक्ष आहे. आमच्या मतें ह्या काळाचें खरें स्वरूप रुक्ष सामग्रींतूनच निघतें. आणि लोकप्रिय चित्राशीं ताडून पाहतां तें कांहीं बाबतींत उणें, तर एका बाबतींत अधिक ठरतें.

२. प्रथम ही सभा कोणत्या प्रकारची होती तें सांगितलें पाहिजे. इलिनॉय हें १८१८ त संघराज्यांत दाखल झालेलें एकविसावें राज्य. अमेरिकेंतील प्रत्येक राज्यास स्वतःचें कायदेमंडळ असतें. वॉशिंग्टन येथील काँग्रेस ती निराळी. रस्ते, पेढ्या, न्यायालयें, शाळा हे विषय मुख्यतः राज्याकडे असल्यामुळें सामान्य माणसाचा संबंध काँग्रेसपेक्षां ह्या मंडळाशींच अधिक येई. इलिनॉयच्या मंडळाच्या सेनेट व प्रतिनिधिसभा अशा दोन शाखा होत्या. लिंकन प्रथम आले त्या वेळीं सेनेटांत २६ व प्रतिनिधिसभेंत ५५ सभासद होते. १८३६ च्या निवडणुकीपासून ते अनुक्रमें ४० व ९१ झाले. प्रतिनिधीची मुदत दोन वर्षांची असे.

सभेचा छापील रोजनामा म्हणजे भाषणांचा वृत्तांत नव्हे. कोणीं कोणता ठराव मांडला, कोणती उपसूचना आली, विषय कोणत्या समितीकडे गेला, आणि नांवनिशीवार मतें घेतलीं असतां कोणीं कोणत्या बाजूस दिलीं, एवढेंच त्यांत असे. भाषणें वर्तमानपत्रांनीं छापलीं तेवढींच उरलीं, व तीं फार थोडीं आहेत. त्यामुळें लिंकन काय बोलले ह्याचा पुरावा तुटपुंजा आणि त्यांनीं काय केलें ह्याचा पुरावा भरपूर, अशी चमत्कारिक स्थिति झाली आहे. निवडणुकींच्या वह्या ही ह्या काळाची आणखी एक विशेष सामग्री होय. त्या वेळीं इलिनॉयांत मत गुप्त नसे. मतदारानें अधिकाऱ्यांपुढें उभें राहून उमेदवारांचीं नांवें उच्चारावयाचीं व कारकुनानें तीं वहींत मांडावयाचीं, अशी रीत होती. ज्या वह्या टिकल्या त्यांवरून कोणत्या गांवकऱ्यानें कोणास मत दिलें हें आजही सांगतां येतें.

३. लिंकन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजीं केंटकी राज्यांत झाला. १८३१ त ते इलिनॉयांतील सँगमन काउंटींत, म्हणजे त्या नांवाच्या जिल्ह्यांत, न्यू सेलम ह्या खेड्यांत येऊन राहिले. येऊन वर्ष होतें न होतें तोंच ९ मार्च १८३२ ह्या तारखेचें आपलें उमेदवारीचें निवेदन त्यांनीं ‘सँगमो जर्नल’ पत्रांत छापविलें. सँगमन नदी नौकांस योग्य करणें हा त्यांतील मुख्य विषय आहे; जबर व्याजास आळा व शिक्षणाचा प्रसार हेही विषय आहेत. गुलामगिरीचा त्यांत उल्लेखही नाहीं. त्या वेळीं ते पडले. १३ उमेदवारांत त्यांचा क्रम ८ वा व मतें ६५७. मात्र स्वतःच्या न्यू सेलम केंद्रांतील ३०० मतांपैकीं २७७ त्यांस मिळालीं होतीं.

४ ऑगस्ट १८३४ च्या निवडणुकींत १३७६ मतें मिळवून ते दुसऱ्या क्रमानें निवडून आले. पहिले आलेले जॉन डॉसन यांस १३९० मतें होतीं. लिंकन त्या वेळीं २५ वर्षांचे होते आणि गांवच्या टपालाचें व जमीनमोजणीचें काम करून पोट भरीत होते. १ डिसेंबर १८३४ रोजीं त्या वेळच्या राजधानींत, व्हँडेलिया येथें, अधिवेशन सुरू झालें. पहिल्याच अधिवेशनांत त्यांनीं आणलेलें एक विधेयक सॉल्ट क्रीक ह्या प्रवाहावर सॅम्युअल म्यूझिक नांवाच्या गृहस्थास पूल बांधून जकात घेण्याची परवानगी देण्याविषयीं होतें, व तें मंजूर झालें. असें काम क्षुल्लक वाटेल. परंतु राज्यसभेच्या सभासदाचे दिवस बहुतेक असल्याच कामांत जात. लिंकन यांच्या हातच्या मसुद्यांस येथूनच आरंभ होतो. त्यांचें अक्षर सुवाच्य होतें व कायद्याची भाषा त्यांस लौकर अवगत झाली. म्हणून इतर सभासदांचीं विधेयकेंही ते लिहून देत. रोजनाम्यांत नांव एकाचें आणि मूळ मसुद्यांत हस्ताक्षर लिंकन यांचें, असे प्रकार त्यामुळें आढळतात. केवळ छापील रोजनाम्यावर विसंबणाऱ्या अभ्यासकास त्यांच्या श्रमाची पुरती कल्पना येणार नाहीं, हें ह्यावरून ध्यानांत येईल.

४. १८३६ च्या निवडणुकींत १७ उमेदवारांत लिंकन पहिले आले. सँगमन काउंटीच्या वतीनें ह्या वेळीं दोन सेनेटर व सात प्रतिनिधि मिळून नऊ जण व्हँडेलियास गेले. सर्व जण उंच असल्यामुळें त्यांस ‘लाँग नाइन’, म्हणजे नऊ उंच गडी, असें टोपणनांव पडलें. ते सर्व व्हिग पक्षाचे होते व स्प्रिंगफील्ड ह्या आपल्या काउंटीच्या मुख्य शहरीं राजधानी आणावी हा त्यांचा मुख्य हेतु होता. व्हँडेलियाची राजधानी म्हणून ठरलेली वीस वर्षांची मुदत संपत आली होती. १८३४ त ह्या प्रश्नावर राज्यभर मतें घेतलीं तेव्हां ऑल्टन पहिलें व स्प्रिंगफील्ड तिसरें आलें होतें. म्हणजे काम सोपें नव्हतें.

ह्याच अधिवेशनांत लोहमार्ग, कालवे व नद्यांची सुधारणा यांसाठीं सुमारें एक कोट डॉलर खर्चाची प्रचंड योजना पुढें आली. २७ फेब्रुवारी १८३७ रोजीं तिचा कायदा झाला. आणि दुसऱ्याच दिवशीं, २८ फेब्रुवारीस, दोन्ही शाखांच्या संयुक्त बैठकींत चौथ्या फेरीस ७३ मतें मिळून स्प्रिंगफील्ड राजधानी ठरली. ह्या दोन तारखांच्या सान्निध्यावरून एक आरोप जन्मास आला. नऊ जणांनीं आपलीं मतें एकगठ्ठा ठेवून ज्याला त्याला त्याच्या रस्त्या-कालव्यासाठीं दिलीं व मोबदल्यांत राजधानीचीं मतें विकत घेतलीं, असें पुढें राज्याचे गव्हर्नर झालेले थॉमस फोर्ड यांनीं आपल्या इलिनॉयच्या इतिहासांत लिहिलें. फोर्ड १८५० त वारले व ग्रंथ १८५४ त प्रसिद्ध झाला. तो विरुद्ध पक्षाच्या माणसानें, घटनेनंतर बऱ्याच वर्षांनीं, योजना बुडाल्यावर लिहिलेला आहे. तरी पुढील चरित्रकारांनीं ती हकीकत घेतली; एवढेंच नव्हे तर लिंकन यांच्या मित्रांनींही ती त्यांच्या चातुर्याची साक्ष म्हणून आठवणींत सांगितली. शत्रूचा आरोप व मित्राची स्तुति एकच गोष्ट सांगूं लागल्यावर ती खोटी कोण म्हणणार?

१९६५ त पॉल सायमन यांनीं ह्या आठ वर्षांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ते स्वतः त्याच कायदेमंडळाचे सभासद होते, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. त्यांनीं रोजनाम्यांतील नांवनिशीवार मतें एकमेकांशीं ताडून पाहिलीं, व परंपरेनें सांगितलेल्या सौद्यास त्या मतांत आधार मिळत नाहीं असा निर्णय दिला. सर्व अभ्यासकांस तो मान्य झालेला नाहीं; कारण सौदा तोंडी होतो व रोजनाम्यांत उतरत नाहीं, ही शंका उरतेच. आमचें म्हणणें इतकेंच कीं, सौदा झाला असें म्हणणाऱ्याकडे उत्तरकालीन कथन आहे व त्यास संशय घेणाऱ्याकडे समकालीन तक्ता आहे. शाबितीचा भार पहिल्यावर पडतो.

योजना मात्र बुडाली, व त्या अपयशांतून लिंकन यांस वगळतां येत नाहीं. त्यांनीं तिला आरंभापासून पाठिंबा दिला. १८३७ च्या वसंतांतच व्यापारी मंदीनें देश ग्रासला. कर्ज वाढलें, व्याज थकलें. तयार झालेला लोहमार्गाचा तुकडा १८४७ त लिलावानें अवघ्या २१,१०० डॉलरांस गेला, आणि कर्ज फिटण्यास सुमारें चाळीस वर्षें लागलीं. जानेवारी १८३९ मध्यें संघसरकारची राज्यांतील पडीक जमीन एकरीं २५ सेंट दरानें विकत घेऊन ती चढ्या भावानें विकावी, अशी सूचना लिंकन यांनीं मांडली. तीही सिद्धीस गेली नाहीं. संकट दिसत असूनही त्यांनीं योजनेचा पक्ष सोडला नाहीं, हें रोजनामा निःसंदिग्धपणें सांगतो.

५. आतां ह्या कारकीर्दींतील सर्वांत महत्त्वाच्या कागदाकडे वळूं. उत्तरेंत गुलामगिरी-विरोधी मंडळ्यांची चळवळ वाढल्यामुळें दक्षिणेच्या राज्यांनीं इतर राज्यांस निषेधाचीं पत्रें पाठविलीं. तीं गव्हर्नरांनीं कायदेमंडळापुढें ठेवलीं. त्यांवरून जो ठराव आला त्यांत गुलामगिरी-विरोधी मंडळ्यांचा निषेध होता. गुलामांवरील मालकीहक्क हा गुलामगिरीच्या राज्यांस राज्यघटनेनें दिलेला पवित्र हक्क आहे असें म्हटलें होतें. व राजधानीच्या कोलंबिया जिल्ह्यांत तेथील नागरिकांच्या इच्छेविरुद्ध काँग्रेसनें गुलामगिरी नाहींशी करणें हा विश्वासघात होईल असेंही म्हटलें होतें. २० जानेवारी १८३७ रोजीं प्रतिनिधिसभेनें तो ७७ विरुद्ध ६ मतांनीं मंजूर केला. सहांत लिंकन होते.

मतावर गोष्ट थांबली नाहीं. इलिनॉयच्या १८१८ च्या घटनेनें, कोणताही ठराव लोकांस अहितकारक वाटल्यास कोणत्याही दोन सभासदांस आपला विरोध कारणांसह रोजनाम्यांत नोंदविण्याचा हक्क दिला होता. एकट्यास हा हक्क नव्हता. दुसरी सही मिळविणें अवश्य होतें. विरुद्ध मत देणाऱ्या सहांपैकीं डॅन स्टोन एवढ्यांनींच ती दिली. स्टोन ह्यांची ह्याच अधिवेशनांत न्यायाधीशपदीं निवड झाली होती, त्यामुळें त्यांस पुन्हा मतदारांपुढें जावयाचें नव्हतें. लिंकन यांस जावयाचें होतें, आणि त्यांचे बहुसंख्य मतदार मूळचे दक्षिणेकडील होते.

३ मार्च १८३७ च्या रोजनाम्यांत हें विरोधपत्र आहे. त्याचा आशय असा : गुलामगिरीची संस्था अन्यायावर व दुष्ट धोरणावर उभारलेली आहे, परंतु तिच्या तात्काळ उच्छेदाच्या मतांचा प्रचार केल्यानें तिचे अनर्थ कमी होण्याऐवजीं वाढतात, राज्यांतील गुलामगिरींत हात घालण्याचा अधिकार घटनेनें काँग्रेसला नाहीं, कोलंबिया जिल्ह्यांत तो आहे, पण तेथील लोकांनीं मागणी केल्यावांचून तो वापरूं नये. आजच्या वाचकास ह्यांत धाडस दिसणार नाहीं. पण ७७ सभासद ज्यास पवित्र हक्क म्हणत होते त्यास राज्याच्या दप्तरांत सहीनिशीं अन्याय म्हणणें, ही त्या सभागृहांत लहान गोष्ट नव्हती. त्याच वर्षीं ७ नोव्हेंबरला ह्याच राज्यांत ऑल्टन येथें गुलामगिरी-विरोधी पत्राचे संपादक एलिजा लव्हजॉय यांस जमावानें ठार मारलें, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

येथें तारखांकडे पाहिलें पाहिजे. ठराव २० जानेवारीचा; विरोधपत्र सहा आठवड्यांनंतरचें; आणि मध्यें, अवघे तीन दिवस आधीं, स्प्रिंगफील्डचा निर्णय झालेला. राजधानीचीं मतें हातचीं जाऊं नयेत म्हणून लिंकन थांबले, असें अनुमान पुष्कळांनीं केलें आहे व तें आम्हांस संभवनीय वाटतें. पण ह्यावरून त्यांचें मत मागाहून बनलें किंवा सोयीचें होतें, असें कोणी म्हणेल तर रोजनाम्यांतील दुसरी नोंद त्यास उत्तर देते. ठरावाची चर्चा चालू असतांनाच, कोलंबिया जिल्ह्याच्या कलमांत, तेथील लोकांनीं अर्ज केल्यास गोष्ट निराळी, अशा अर्थाची उपसूचना लिंकन यांनीं मांडली होती व ती फेंटाळली गेली होती. म्हणजे मार्चांतील विरोधपत्राचा एक मुद्दा जानेवारींतच सभेपुढें आलेला होता. थांबलें तें विरोधपत्र; मत थांबलें नव्हतें. जून १८६० मध्यें, अध्यक्षपदाचे उमेदवार असतांना, लिंकन यांनीं प्रचारचरित्रासाठीं आपली त्रोटक हकीकत लिहून दिली. तींत हें विरोधपत्र उतरून घेऊन, त्यांत सांगितलेली भूमिका आजही तीच आहे असें त्यांनीं नमूद केलें.

६. हाच रोजनामा त्यांच्या विरुद्धही साक्ष देतो, व ती दडविणें संशोधकास शोभणार नाहीं. जानेवारी १८३६ मध्यें, कृष्णवर्णीयांस मताधिकार देऊन मतदान भ्रष्ट होऊं देऊं नये, अशा आशयाच्या ठरावाच्या बाजूनें लिंकन यांचें मत आहे. त्याच वर्षीं जूनमध्यें उमेदवारीच्या पत्रांत, जे गोरे कर देतात किंवा शस्त्र धरतात त्या सर्वांस मताधिकार असावा व त्यांतून स्त्रियांस वगळूं नये, असें त्यांनीं लिहिलें. एकाच वाक्यांत काळाच्या पुढें टाकलेलें पाऊल आणि काळाचीच बेडी, अशीं दोन्ही दिसतात. उत्तरकालीन आठवणींत पाऊल राहिलें व बेडी गळाली.

१८३८ व १८४० ह्या दोन्ही वर्षीं व्हिग पक्षानें त्यांस सभापतिपदासाठीं उभें केलें, व दोन्ही वेळां डेमॉक्रॅटिक पक्षाचे विल्यम ली यूइंग निवडून आले. म्हणजे पंचविशींत आलेला अननुभवी सभासद चार वर्षांत अल्पसंख्य पक्षाचा पुढारी झाला होता. खिडकीची प्रसिद्ध गोष्ट ह्याच काळांतील. ५ डिसेंबर १८४० रोजीं विशेष अधिवेशन संपल्यास राज्याच्या पेढीस आपल्या नोटांबद्दल पुन्हा रोख नाणें द्यावें लागलें असतें. तें टाळण्यासाठीं गणसंख्या मोडावी असा व्हिगांचा बेत होता. दारें अडविलेलीं पाहून लिंकन व एक-दोन सोबती खिडकींतून बाहेर पडले. पण गणसंख्या आधींच भरलेली असल्यामुळें उडी व्यर्थ गेली. विरुद्ध पक्षाच्या पत्रानें त्यांच्या लांब पायांची थट्टा केली, आणि लिंकन यांसही ही आठवण पुढें रुचत नसे.

जानेवारी १८४१ च्या नांवनिशीवार मतांत त्यांचें नांव कांहीं दिवस आढळत नाहीं. ठरलेला विवाह मोडल्यामुळें ते त्या वेळीं तीव्र मनःस्तापांत होते, हें त्यांच्या पत्रांवरूनही दिसतें. १८४२ त ते उमेदवार म्हणून उभे राहिले नाहींत.

७. ह्या सभेशीं त्यांचा संबंध येथें तुटला नाहीं. नोव्हेंबर १८५४ मध्यें ते पुन्हा निवडून आले. परंतु राज्यसभेच्या सभासदास अमेरिकन सेनेटवर निवडून जाण्यास १८४८ च्या राज्यघटनेची आडकाठी असल्यामुळें त्यांनीं ती जागा स्वीकारली नाहीं. त्या काळीं अमेरिकन सेनेटर राज्यांचीं कायदेमंडळेंच निवडीत. ८ फेब्रुवारी १८५५ च्या मतदानांत पहिल्या फेरीस लिंकन सर्वांच्या पुढें होते. पण विजय हातीं येत नाहीं व विरुद्ध पक्षाचा माणूस येऊं पाहतो असें दिसतांच त्यांनीं आपले लोक लायमन ट्रंबल यांच्याकडे वळविले. ट्रंबल यांस आरंभीं पांच मतें होतीं. दहाव्या फेरीस ते निवडून आले. मतें मोजण्याची जी विद्या ते व्हँडेलियास शिकले, ती येथें त्यांनीं स्वतःच्या पराभवासाठीं वापरली.

८. संग्राहकांस एक इशारा देणें अवश्य आहे. ज्या काळाचे अस्सल कागद विरळ, त्याच काळाचे बनावट कागद अधिक निपजतात. १९२८-२९ मध्यें अमेरिकेंतील एका प्रतिष्ठित मासिकानें लिंकन यांचीं न्यू सेलमच्या काळचीं म्हणून कांहीं पत्रें छापलीं. स्प्रिंगफील्डचे संशोधक पॉल अँगल यांनीं तीं बनावट असल्याचें उघड केलें. मे १८३४ च्या एका पत्रांत जमिनीच्या ‘४० व्या विभागाचा’ उल्लेख होता. पण सरकारी मोजणींत प्रत्येक चौकाचे विभाग ३६ च असत, आणि लिंकन तर स्वतः मोजणीदार. दुसऱ्या एका कागदांत लोक कॅन्ससला जात असल्याचें लिहिलें होतें. त्या नांवाचा प्रदेश पुढें १८५४ त स्थापन झाला. कागद, शाई व वळण यांपेक्षां आंतील मजकुरानेंच येथें लबाडी उघडी पाडली.

अस्सल सामग्री आतां बरीच सुलभ झाली आहे. लिंकन यांच्या पुत्रानें काँग्रेसच्या ग्रंथालयास दिलेले कागद २६ जुलै १८४७ रोजीं नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनीं, २६ जुलै १९४७ रोजीं अभ्यासकांस खुले झाले. रॉय बॅसलर यांनीं संपादिलेलें समग्र लेखन १९५३ त निघालें. मूळ विधेयकांपैकीं पुष्कळशीं इलिनॉयच्या सरकारी दप्तरखान्यांत आहेत.

९. १ फेब्रुवारी १८६५ रोजीं गुलामगिरी नष्ट करणारी तेरावी घटनादुरुस्ती राज्यांकडे गेली, तेव्हां तिला मान्यता देणारें पहिलें राज्य इलिनॉय होतें, आणि ती त्याच दिवशीं दिली गेली. कृष्णवर्णीयांवर निर्बंध घालणारे राज्याचे जुने कायदेही त्याच महिन्यांत रद्द झाले. अठ्ठावीस वर्षांपूर्वीं ह्याच कायदेमंडळाच्या रोजनाम्यांत दोन सह्यांचें तें विरोधपत्र नोंदलें गेलें होतें, व तें लिहिणारा आतां अध्यक्षपदावर होता. ह्यावरून १८३७ चे लिंकन १८६५ चेच होते असें मात्र कोणी म्हणूं नये. १८३७ त त्यांनीं जेवढें म्हटलें तेवढेंच कागदांत आहे : अन्याय हा शब्द आहे, त्याच्या भोंवतीं घातलेल्या मर्यादाही आहेत, आणि वर्षभर आधींचें तें प्रतिकूल मतही आहे. तीन्ही एकत्र ठेवल्यावांचून माणूस कळत नाहीं. आणि तीं एकत्र ठेवण्याची सोय आठवणींनीं नव्हे, तर व्हँडेलियाच्या एका अज्ञात कारकुनाच्या रुक्ष लेखणीनें करून ठेवली आहे.